कैद्याकडे शिल्लक काय राहतं?

माझा मावसभाऊ एमपीएससीच्या अभ्यासाला वालावलच्या तळ्यावर बसतो. लक्ष्मीनारायणाच्या देवळाला लागूनच हे तळं आहे. सकाळी काठावर सावली असते आणि फोनला रेंजही बरी मिळते. मे महिन्यात मी घरी गेले होते तेव्हा त्याने मला पाच रिट पाढे म्हणावेत तसे म्हणून दाखवले. बंदी प्रत्यक्षीकरण, परमादेश, प्रतिषेध, उत्प्रेषण, अधिकारपृच्छा. कलम 32 म्हणजे सर्वोच्च न्यायालय, कलम 226 म्हणजे उच्च न्यायालय. दोन मार्क पक्के. मग पुस्तक मिटून म्हणाला, "ह्येतलो एक तरी शब्द कोण माणूस बोलता काय गो?"

कोणी बोलत नाही, हे खरंच आहे. घटनेच्या अधिकृत मराठी अनुवादातले शब्द तर आणखी वेगळे आहेत. तिथे रिटला 'प्राधिलेख' म्हटलंय, आणि बंदी प्रत्यक्षीकरणाला 'देहोपस्थिती'. मला हा दुसरा शब्द आवडतो, कारण त्यात देह आहे. 'बंदी प्रत्यक्षीकरण' हे प्रयोगशाळेतल्या एखाद्या प्रक्रियेचं नाव वाटतं. मूळ लॅटिन 'हेबिअस कॉर्पस' हा तुरुंगाधिकाऱ्याला दिलेला साधा हुकूम आहे: तू धरलेल्या माणसाचा देह माझ्यासमोर आण, आणि कोणत्या कायद्याने धरलास ते सांग. 'को वॉरंटो' म्हणजे 'कोणत्या अधिकाराने?' आमच्याकडे वाडीतला माणूस हेच 'तुका कोणी सांगल्यान?' असं विचारतो. म्हणजे गाइडमध्ये जी पाच नावं पाठ करायची असतात, ती खरं तर सत्तेला उद्देशून म्हटलेली वाक्यं आहेत. एक तर आज्ञा, नाही तर प्रश्न.

तेव्हापासून मी या रिटांवरचे निकाल वाचायला लागले. मी वकील नाही. कथा-कादंबऱ्या वाचणारी बाई जसं वाचेल तसं वाचते. हे थोडं आगाऊपणाचं वाटेल. पण न्यायाधीशाच्या हातात ना पोलीस असतात ना तिजोरी, त्याचं सगळं हत्यार म्हणजे भाषा. मग त्या भाषेची समीक्षा का करू नये? मी एवढंच बघते, की रिटाने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर निकालात येतं की भाषा त्या प्रश्नाला वळसा घालून पुढे जाते.

दोन निकालांबद्दल लिहिते. दोन्ही आणीबाणीतले आहेत, पण आणीबाण्या वेगळ्या.

पहिला 1965 चा. चीन युद्धाच्या वेळी 1962 मध्ये लागू झालेली आणीबाणी तेव्हाही उठली नव्हती. कम्युनिस्ट नेते प्रभाकर पांडुरंग संझगिरी भारत संरक्षण नियमांखाली मुंबईत आर्थर रोडच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. तिथे त्यांनी सरकारच्या परवानगीनेच मराठीत एक पुस्तक लिहिलं, 'अणूच्या अंतरंगात'. विषय मूलकण आणि पुंज सिद्धांत. 1964 मध्ये त्यांनी हस्तलिखित छापण्यासाठी बाहेर पाठवू द्या, असा अर्ज केला. सरकारने नाही म्हटलं. लिहायला परवानगी, पण लिहिलेलं बाहेर जाऊ द्यायला नाही! त्यांनी कलम 226 खाली मुंबई उच्च न्यायालयात अर्ज केला. सुटकेसाठी नव्हे, मी आत राहतो, पुस्तक बाहेर जाऊ द्या, एवढंच मागणं.

सरकारचा युक्तिवाद वाचताना मी थबकले, कारण अख्ख्या विषयाचं बीज त्यात आहे. सरकार म्हणालं, स्थानबद्धाला काय काय करता येईल याची नियमांत यादी आहे. पत्रं किती, भेटी किती, सगळं लिहिलेलं आहे. या सवलती आहेत, हक्क नव्हेत. यादीत पुस्तक छापणं नाही, म्हणजे त्याला ते करता येणार नाही.

उच्च न्यायालयाने काय केलं? न्यायाधीशांनी हस्तलिखिताची अनुक्रमणिका चाळली. मला हा तपशील फार आवडतो. राज्याच्या सुरक्षेचा प्रश्न आहे म्हणून घाबरवलं जात असताना दोन माणसं शांतपणे एका मराठी विज्ञानपुस्तकाची अनुक्रमणिका उघडतात, आणि हे लोकांना शास्त्र समजावून सांगणारं पुस्तक आहे, असा निर्वाळा देतात. मग यादीचा अर्थ ते उलटा लावतात. नियमांनी जे काढून घेतलं तेवढंच गेलं. पुस्तक छापू नये असं नियमांत कुठे लिहिलेलं नाही, म्हणून तो हक्क त्याच्यापाशीच आहे. राज्य सरकार अपिलात गेलं. 6 सप्टेंबर 1965 रोजी सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी लिहिलेल्या निकालात ते फेटाळलं.

निकाल लहान आहे. त्यात उपमा नाहीत, स्वातंत्र्याची आरती नाही. एकच प्रश्न सरळ विचारलेला आहे: तुरुंगात टाकलेल्या माणसाकडे शिल्लक काय राहतं? राज्याने दिलं तेवढं, की कायद्याने घेतलं ते वजा जाता उरलेलं सगळं? उत्तर दुसरं आहे. मराठी ग्रंथव्यवहाराच्या इतिहासात या निकालाला एक ओळ तरी मिळायला हवी, असं मला वाटतं. आपल्याकडे बंदी घातलेल्या पुस्तकांच्या याद्या आवडीने होतात; न्यायालयाने तुरुंगातून सोडवलेल्या पुस्तकाची आठवण कोणी काढत नाही.

दुसरा निकाल माझ्या गावाच्या जवळचा आहे, जरी त्याच्या नावात जबलपूर असलं तरी.

सत्तरच्या दशकात वालावल रत्नागिरी जिल्ह्यात होतं, सिंधुदुर्ग जिल्हा व्हायचा होता, आणि लोकसभेचा मतदारसंघ राजापूर. 1971 पासून इथले खासदार मधु दंडवते. गावात त्यांना सगळे 'नाना' म्हणत. जून 1975 मध्ये ते संसदीय समितीच्या कामासाठी बंगळुरूला गेले होते. सोबत वाजपेयी, अडवाणी आणि श्यामनंदन मिश्र. 25 च्या रात्री आणीबाणी जाहीर झाली आणि 26 ला या चौघांना तिथेच ताब्यात घेतलं. माझे आजोबा ही गोष्ट एका वाक्यात सांगत: "नाना थंय कामाक गेले, थंयच तेंका धरल्यानी." चौघांनी कर्नाटक उच्च न्यायालयात हेबिअस कॉर्पसचे अर्ज केले. वालावलच्या मतदारांनी निवडून दिलेला माणूस न्यायालयाला विचारत होता, मला कोणत्या कायद्याने धरलंय?

27 जूनला राष्ट्रपतींचा आदेश निघाला होता: कलम 14, 21 आणि 22 मधल्या हक्कांसाठी कोणालाही न्यायालयात जाता येणार नाही. तरीही देशातल्या नऊ उच्च न्यायालयांनी म्हटलं, की स्थानबद्धता कायद्याला धरून आहे की नाही एवढं आम्ही तपासू शकतो. केंद्र सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. सगळी प्रकरणं एकत्र झाली, त्यात बंगळुरूचंही होतं. 28 एप्रिल 1976 रोजी पाच न्यायमूर्तींनी चार विरुद्ध एक असा निकाल दिला, की आदेश लागू असेपर्यंत असा अर्ज करण्याचा अधिकारच कोणाला नाही. सुनावणीत न्यायमूर्ती ह. रा. खन्ना यांनी ॲटर्नी जनरल निरेन डे यांना विचारलं होतं, की एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने निव्वळ वैरापोटी माणूस मारला तर? आणीबाणी असेपर्यंत त्यावरही उपाय नाही, हे डे यांना मान्य करावं लागलं.

या निकालावर इतकं लिहिलं गेलंय, की तो आता एक नाटक झालाय: चार खलनायक, एक नायक. मला ही मांडणी आळशी वाटते. बहुमताचा युक्तिवाद मूर्खपणाचा नव्हता. 1962 चा आदेश सशर्त होता. भारत संरक्षण कायद्याखाली धरलेल्यांपुरताच. त्या शर्तीच्या फटीतूनच मखन सिंग खटल्यात न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी 1963 मध्ये वाट काढली होती, आणि संझगिरींचं पुस्तकही त्याच फटीतून बाहेर पडलं. 1975 च्या आदेशात ती शर्तच नव्हती. ज्याने लिहिला त्याने जुने निकाल नीट वाचले होते. आणि आदेश काढण्याची सोय घटनेच्या कलम 359 मध्ये पहिल्या दिवसापासून होती. राजापूरचंच आणखी एक उदाहरण घ्या. दंडवत्यांच्या आधीचे खासदार बॅरिस्टर नाथ पै, वेंगुर्ल्याचे. गोलकनाथ निकालाने मूलभूत हक्कांना हात लावण्याचा संसदेचा अधिकार काढून घेतला, तेव्हा 1967 मध्ये तो परत मिळवण्यासाठी खासगी विधेयक आणलं ते त्यांनी. लोकशाहीवर त्यांच्याइतकी निष्ठा असलेली माणसं थोडी. आणि त्यांचा भरवसा न्यायाधीशांपेक्षा निवडून आलेल्यांवर जास्त होता. त्या काळी शहाण्या माणसांनाही तो भरवसा वाटे, हे विसरून 1976 चा निकाल वाचला तर तो कळत नाही.

म्हणून मी युक्तिवाद बाजूला ठेवते आणि भाषा बघते. भाषा जास्त बोलते.

न्यायमूर्ती बेग लिहितात, की स्थानबद्धांच्या राहण्याखाण्याची सरकार घेत असलेली काळजी जवळजवळ आईच्या मायेची आहे. न्यायमूर्ती चंद्रचूड यांच्यापुढे वकिलांनी भीती मांडली होती, की उद्या कैद्यांना फटके मारतील, उपाशी ठेवतील, गोळ्याही घालतील. त्यावर ते म्हणतात, स्वतंत्र भारताच्या नावावर असा डाग नाही, आणि असं कधी होणार नाही अशी आपल्याला हिऱ्यासारखी लखलखीत, हिऱ्यासारखी कठीण आशा आहे. न्यायमूर्ती भगवती व्यक्तिस्वातंत्र्यावरचं आपलं प्रेम भरभरून सांगतात आणि मग हे प्रेम आपली नजर गढूळ करता कामा नये असं म्हणून दार लावून घेतात.

आई, हिरा, प्रेम. कायद्याचा मुद्दा पक्का असेल तर या शब्दांची गरज काय? आम्हाला अधिकार नाही, इतकं म्हणून थांबता आलं असतं. ते थांबत नाहीत, कारण तिथे थांबलं तर प्रश्न उघडा पडतो: मग कैद्याचं काय? त्या उघड्या जागेवर उपमा येऊन बसते. कवितेत उपमा दाखवण्यासाठी येते, इथे झाकण्यासाठी आलीय. आणि बेगांच्या त्या आईकडे जरा नीट बघा. आई देते ती माया असते, हक्क नव्हे. तिच्याकडे कोणी हिशेब मागत नाही. 1965 मध्ये सरकार 'सवलत' म्हणत होतं, तीच इथे पदर घेऊन आलीय.

हिऱ्याचं काय झालं तेही सांगते. निकालाच्या जवळपास दोन महिने आधी, 1 मार्च 1976 रोजी केरळात राजन नावाच्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला पोलिसांनी उचललं होतं. ती आशा लिहिली जात होती तेव्हा तो पोलिसांच्या छळात मेलेला होता. आणीबाणी उठल्यावर लगेच, मार्च 1977 मध्ये, त्याच्या वडिलांनी, प्राध्यापक ईचर वारियर यांनी, केरळ उच्च न्यायालयात हेबिअस कॉर्पसचा अर्ज केला. मुलाला हजर करा. सरकारने आधी त्याला पकडलंच नव्हतं असं सांगितलं. महिन्याभरात मुख्यमंत्री करुणाकरन यांना राजीनामा द्यावा लागला. देह मिळाला नाही. अर्जात विचारलेला प्रश्न मात्र तोच होता, जो विचारायला अकरा महिन्यांपूर्वी बंदी केली गेली होती.

आणि ती माया. निकालानंतर चारच दिवसांनी अभिनेत्री स्नेहलता रेड्डी यांना अटक झाली. 'संस्कार' या कन्नड चित्रपटातल्या चंद्री त्या. त्यांना बंगळुरूच्या तुरुंगात ठेवलं, दंडवते होते त्याच तुरुंगात. त्यांना दम्याचा आजार होता. रात्रीच्या शांततेत त्यांच्या कोठडीतून येणाऱ्या किंकाळ्या ऐकू यायच्या, असं दंडवत्यांनी पुढे नोंदवून ठेवलंय. तब्येत पार ढासळल्यावर जानेवारी 1977 मध्ये त्यांना सोडलं. पाच दिवसांत त्या गेल्या. निकाल वाचताना मला सारखं वाटत राहतं, की एका टोकाला दिल्लीत टाइप होणारं ते आईचं वाक्य आहे, दुसऱ्या टोकाला रात्री जागा असलेला आमचा खासदार, आणि दोघांच्या मधली वाट त्याच वाक्यांनी बंद केलीय.

खन्ना यांचा भिन्नमताचा निकाल यांच्याशेजारी ठेवला तर रुक्ष वाटतो. पहिल्यांदा वाचताना मला कंटाळा आला, खोटं कशाला सांगू? पूर्वीचे खटले, इंग्लंडचे दाखले, कलमांची फोड, पानंच्या पानं. पण मुद्दा येतो तेव्हा तो विळ्यासारखा येतो. जगण्याचा हक्क काही कलम 21 ने जन्माला घातलेला नाही. ते कलम नसतं तरी कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचा जीव घेण्याचा अधिकार राज्याला मिळाला नसता. म्हणजे पुन्हा संझगिरींची वजाबाकी. राज्य आधी आणि माणूस त्याच्या यादीत नंतर, असं नव्हे. शेवटी ते एका अमेरिकन सरन्यायाधीशांच्या विचाराचा आधार घेतात, की भिन्नमत हे उद्याच्या शहाणपणाकडे केलेलं अपील असतं. या एका जागी त्यांचा आवाज किंचित चढतो, तोही उसन्या शब्दांत. जानेवारी 1977 मध्ये त्यांना डावलून बेग यांना सरन्यायाधीश केलं, आणि खन्नांनी राजीनामा दिला.

पुढे घडलं ते मला नायक-खलनायकाच्या गोष्टीपेक्षा जास्त गुंतागुंतीचं वाटतं. 44 व्या घटनादुरुस्तीने 1978 मध्ये कलम 20 आणि 21 आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत असं ठरवलं. आणि हिऱ्याचं वाक्य लिहिणाऱ्या चंद्रचूडांनीच 1983 मध्ये रुदुल साह खटल्याचा निकाल लिहिला. बिहारमधला हा माणूस 1968 साली निर्दोष सुटला होता आणि तरी 1982 पर्यंत तुरुंगात होता. चौदा वर्षं. हेबिअस कॉर्पसच्या अर्जावर, माणूस तोवर सुटलेला असताना, न्यायालय म्हणालं की सुटका पुरेशी नाही, भरपाई द्या. आधी दिलेल्या 5,000 रुपयांशिवाय आणखी 30,000. चौदा वर्षांना ही रक्कम क्षुल्लक आहे, पण रिटातून पैसे वसूल करण्याचा रस्ता तिथून पडला. भगवतींनी त्याच वर्षी मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांचं पत्रच रिट अर्ज म्हणून घेतलं. मुंबईच्या तुरुंगातल्या पंधरा स्त्री कैद्यांशी बारसे बोलल्या होत्या आणि पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं होतं. स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या, त्यावर महिला पोलीस, अटक झाल्याची खबर नातेवाइकांना लगेच द्यायची, न्यायाधीशांनी न सांगता जाऊन कोठड्या बघायच्या, असे आदेश निघाले. हे प्रायश्चित्त होतं का? भगवतींनी 2011 मध्ये 1976 बद्दल जाहीर माफी मागितली, तेव्हा उत्तर सोपं वाटतं. मला मात्र त्या निकालांची भाषा बघून वाटतं, की त्यांना कोठडीचं दार आतून कसं दिसतं हे कोणीतरी पत्राने दाखवावं लागलं. बारसेंच्या पत्रात आकडे होते. आईबद्दल काही नव्हतं.

24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणाच्या हक्काच्या, म्हणजे पुट्टस्वामी, निकालात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने जबलपूर निकाल रद्दबातल ठरवला. ते लिहिलं धनंजय चंद्रचूड यांनी, हिऱ्याच्या वाक्याच्या लेखकाच्या मुलाने. बहुमताचे चारही निकाल गंभीर चुकांचे होते असं त्यात आहे. नात्याचा उल्लेख नाही. माध्यमांना त्या दिवशी बापलेकाची बातमी मिळाली. मला तो उल्लेख नसणं बरं वाटलं.

पण भावाचा प्रश्न शब्दांचा होता तसा अंतराचाही होता. रिटची याचिका ओरोसच्या जिल्हा न्यायालयात चालत नाही. कलम 226 म्हणजे उच्च न्यायालय, आणि आमच्यासाठी ते मुंबईत होतं. कुडाळहून रात्रीची गाडी, वकील, तारीख, परतीची रात्रीची गाडी; मग पुढची तारीख. सगळ्यांना मिळालेल्या हक्कावर एवढं प्रवासभाडं लागायचं. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय, आणि सिंधुदुर्ग त्याच्या कक्षेत आहे. आता घाट चढून एका दिवसात जाऊन येता येतं. खन्नांच्या तत्त्वाइतकीच मला ही एसटी महत्त्वाची वाटते.

तळ्यावर मी भावाला संझगिरींची गोष्ट सांगितली. त्याने विचारलं, मग यातलं ते कोणतं रिट? देह हजर करा असं तर मागितलंच नव्हतं. मी म्हटलं, कलम 226 पुन्हा वाच. तिथे आदेश, निदेश किंवा प्राधिलेख, 'यांसह' असं आहे. पाच नावं दिलीत ती उदाहरणं म्हणून, यादी तिथे संपत नाही. नियमांची यादी आणि घटनेची यादी वेगळी वाचायची असते. त्याने फोनवर कलम काढून बघितलं, 'यांसह' सापडलं, थोडा वेळ तळ्याकडे बघत बसला.

"पण परीक्षेक पर्याय चारच आसतत गो," म्हणाला, आणि पुढचा प्रश्न उघडला.